गोदावरीचा हिशेब : बाजारात न विकल्या जाणाऱ्या गोष्टींची किंमत कोणी आणि कशी लावली?

१/
जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या ऑगस्टपर्यंत जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणाने ते नाव राज्यभर पोहोचले. हा धागा त्या आंदोलनाविषयी नाही. तो या तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीविषयी आणि एका जुन्या, अवघड प्रश्नाविषयी आहे : जी गोष्ट बाजारात विकली जात नाही, तिची किंमत कशी ठरवायची आणि ती ठरवायची कोणी?

२/
अंबड तालुक्याच्या एका अंगाला नदी आहे आणि पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा याच तालुक्यातून पुढे जातो. वरच्या बाजूला नाशिक-नगरची धरणे आहेत. या एका नदीच्या काठी गेल्या दीडशे वर्षांत सरकारला अनेक विचित्र वस्तूंची किंमत कागदावर लिहावी लागली : टळलेला दुष्काळ, पाटाचे पाणी, बुडालेले शेत, घर सोडण्याची नाखुशी, मोसंबीच्या झाडाचे वय. यांपैकी कशाचाच बाजारभाव उपलब्ध नव्हता. तरीही आकडा लिहावा लागला; कारण जिथे आकडा लिहिला गेला नाही, तिथे हिशेबाने शून्य धरले.

३/
सुरुवात १८७६-७८ च्या दुष्काळापासून होते. दख्खनमध्ये त्या दुष्काळाने लाखो माणसे उपासमारीने आणि रोगांनी मेली. मदतकार्यावर सरकारचा प्रचंड खर्च झाला. त्यानंतर सरकारने दुष्काळाचा विमा म्हणून वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला ठेवण्याचे धोरण आखले. १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. दुष्काळ पडल्यावर मदतीवर पैसे घालवण्यापेक्षा तो पडू नये म्हणून कालवे आणि रेल्वे यांवर खर्च करणे शहाणपणाचे, हा विचार आता सरकारी धोरणात शिरला. परंतु कालव्यावर किती खर्च करणे शहाणपणाचे, हे सांगायला कोणतेही माप नव्हते.

४/
पाटबंधाऱ्यांची त्या काळी दोन खाती होती. एक ‘उत्पादक’ : ज्याची पाणीपट्टी आणि वाढीव सारा मिळून भांडवलावरचे व्याज ठरावीक वर्षांत फेडू शकेल, असे काम. दुसरे ‘संरक्षक’ : जे स्वतःचे व्याज फेडणार नाही, पण दुष्काळात मुलूख वाचवील. पंजाबचे कालवे पहिल्या खात्यात सहज बसत. दख्खनचे बसत नव्हते. इथल्या नद्यांना बारमाही पाणी नाही, सह्याद्रीत खर्चिक धरण बांधावे लागते, आणि जमीन काळी असल्यामुळे पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीचा शेतकरी पाटाचे पाणी मागतच नाही.

५/
१९०१ ते १९०३ या काळात सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय पाटबंधारे आयोगाने या कोड्याला हात घातला. संरक्षक कालव्याखाली येणाऱ्या एकरामागे सरकारने किती तोटा सोसावा? आयोगाची दिशा अशी : गेल्या दुष्काळांत त्या भागात मदतकार्यावर किती खर्च झाला, किती सारा सोडावा लागला, आणि असे दुष्काळ किती वर्षांनी येतात, हे पाहून टळणाऱ्या दुष्काळाची किंमत काढावी. न घडलेल्या घटनेला रुपयांत मांडण्याचा हा या भूमीवरचा एक आरंभीचा आणि गंभीर प्रयत्न होता.

६/
या पद्धतीची मर्यादाही तिथेच दिसते. मोजले गेले ते सरकारी तिजोरीचे वाचणारे पैसे. दुष्काळात विकलेले बैल, गहाण पडलेली जमीन, खडी फोडायला गेलेल्या बाईच्या अंगावरचे आटलेले दूध, आणि जी माणसे मदतकार्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मेली ती, यांचा भार तिजोरीवर पडत नव्हता. म्हणून या मापात तो धरला जाणार नव्हता. मोजणी खोटी नव्हती. मात्र ती कोणाच्या बाजूला उभे राहून केली आहे, हे तिच्या रकान्यांवरून ओळखता येत होते.

७/
या विचाराच्या छायेत गोदावरीच्या खोऱ्यात दोन मोठी कामे झाली. दारणा नदीवरचे धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीच्या दोन्ही कालव्यांत जाऊ लागले आणि निफाड, येवला, कोपरगावच्या बाजूच्या कोरड्या जमिनी भिजू लागल्या. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले. दुष्काळी पट्ट्याला संरक्षण हा या कालव्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात पाणी ज्वारीवर थांबले नाही. ते उसाकडे गेले.

८/
यामागे लोभापेक्षा हिशेबाचा भाग अधिक होता. धरणात पाणी दर वर्षी साठते, पण ज्वारीवाला ते दुष्काळातच मागतो. मग मधल्या वर्षांची पाणीपट्टी कोण देणार? बारमाही पाणी घेणारे आणि जास्त दर देणारे पीक म्हणजे ऊस. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्यात ‘ब्लॉक’ पद्धत आणली. तीत पाणी ठरावीक तुकड्यांना, पिकांच्या ठरावीक फेरपालटाने देण्याची व्यवस्था होती. पाणी अधिक गावांत पसरावे हा तिचा उद्देश. तरी पुढील काही दशकांत कालव्यांच्या काठी साखर कारखाने उभे राहिले. खात्याच्या वहीत मात्र हे कालवे तोट्यातच दिसत राहिले.

९/
इथे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा संबंध येतो. १९३० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ. त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील पाटबंधाऱ्यांच्या आर्थिक मूल्यमापनात हा अहवाल पायाभूत मानला जातो. त्यातील प्रश्न साधा होता : कालवा सरकारला तोट्यात दिसतो, पण समाजालाही तो तोट्यातच आहे काय?

१०/
याचे उत्तर सचिवालयात बसून मिळणारे नव्हते. त्यासाठी कालव्याखालची शेती आणि तशाच भागातली कोरडवाहू शेती यांची तुलना करावी लागली. पीक किती, खर्च किती, मजुरी किती, हाती काय उरले, हे शेतकऱ्यांकडून गोळा करावे लागले. शेताच्या बांधाबाहेर काय बदलले तेही पाहावे लागले : गूळ आणि साखर, वाहतूक, बाजारपेठ, मजुरांना मिळणारे काम. पाण्याला बाजारभाव नव्हता. पण पाणी असलेल्या आणि नसलेल्या शेतांतील फरक मोजता येत होता. त्या फरकातून पाण्याचे मोल काढणे, हे या पद्धतीचे मर्म.

११/
जगात हा विचार अगदी नवा नव्हता. फ्रान्समधील ज्यूल द्यूपुई या अभियंत्याने १८४४ मध्येच दाखवले होते की पुलावर मिळणारा टोल म्हणजे पुलाचा उपयोग नव्हे. टोलपेक्षा जास्त देण्याची ज्यांची तयारी होती, त्यांना झालेला फायदा टोलच्या वहीत येत नाही. अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने तर अट घातली की लाभ कोणालाही मिळोत, ते खर्चाहून अधिक असले पाहिजेत. ‘कोणालाही’ हा त्यातला महत्त्वाचा शब्द. तिजोरीच्या हिशेबातून समाजाच्या हिशेबाकडे जाणारी वाट या शब्दातून जाते. गाडगीळांची पाहणी त्याच वाटेवरची होती. फरक इतकाच, की तिच्यामागे दख्खनच्या खेड्यांतील प्रत्यक्ष नोंदी होत्या.

१२/
गाडगीळांचे काम कागदावर थांबले नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. कालव्याचा लाभ मोजणारा अर्थशास्त्रज्ञ तो लाभ खासगी कारखानदारांऐवजी ऊस पिकवणाऱ्यांच्या हाती राहावा म्हणून संस्था उभारण्यातही सहभागी झाला. लाभ किती, याच्या जोडीला लाभ कोणाला, हा प्रश्न प्रवरेच्या काठी असा प्रत्यक्षात आला.

१३/
स्वातंत्र्यानंतर हा विचार राष्ट्रीय धोरणात गेला. १९६४ मध्ये गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालील समितीने शिफारस केली की पाटबंधारे प्रकल्प सरकारच्या आर्थिक परताव्यावर न तोलता लाभ-खर्च गुणोत्तरावर तोलावेत. प्रकल्पाआधीचे पीक आणि प्रकल्पानंतरचे पीक यांच्या निव्वळ मूल्यातील फरक म्हणजे वार्षिक लाभ. भांडवलावरचे व्याज, घसारा आणि देखभाल म्हणजे वार्षिक खर्च. लाभाला खर्चाने भागायचे. किमान दीड हे प्रमाण रूढ झाले, आणि अवर्षणप्रवण भागासाठी ते एकपर्यंत शिथिल केले गेले. दुष्काळी प्रदेशाला दिलेली ही सवलत म्हणजे १९०३ च्या ‘संरक्षक’ कल्पनेचाच नवा अवतार.

१४/
आता नदीच्या खालच्या बाजूला यावे लागते. गाडगीळांचा अहवाल प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. तोपर्यंत दारणा आणि भंडारदरा मुंबई इलाख्यात होते, तर पैठण आणि अंबड हैदराबाद संस्थानात. काही अंतर तर गोदावरी हीच दोन राजवटींची हद्द होती. मुंबई सरकारच्या हिशेबात वरच्या कालव्यांचा खर्च होता, उत्पन्न होते. निजामाच्या हद्दीतील नदीकाठच्या गावांसाठी त्यात रकाना असण्याचे कारणच नव्हते. पाणी सलग वाहत होते, हिशेब मात्र सरहद्दीवर थांबत होता.

१५/
१९६० मध्ये दोन्ही काठ महाराष्ट्रात आले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, २७ दरवाजे, सुमारे १०२ टीएमसी साठवण, आणि सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा पसरट जलाशय : हा नाथसागर. डाव्या कालव्याने पाणी अंबड ओलांडून परभणी जिल्ह्यापर्यंत नेले. मराठवाड्याच्या दृष्टीने हा शंभर वर्षांच्या उशिराने सुरू झालेला हिशेब होता.

१६/
परंतु ज्या मातीवर नाथसागर उभा राहिला, ती गोदाकाठची सुपीक जमीन होती. तिचा मोबदला ठरत होता १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. कलम २३ नुसार जमिनीचा बाजारभाव द्यायचा आणि संपादन सक्तीचे असल्याबद्दल त्यावर १५ टक्के दिलासा रक्कम. हे १५ टक्के लक्षात घेण्यासारखे आहेत. ज्याला विकायचेच नाही, त्याच्याकडून घेतलेल्या जमिनीचा बाजारभाव हा खरा भाव नव्हे, हे खुद्द कायद्यानेच कबूल केले होते. त्या फरकाला कायद्याने सरसकट एकच आकडा लावला. तीन पिढ्यांची विहीर असो की कालच घेतलेला तुकडा, टक्के तेवढेच.

१७/
त्याच कायद्याचे पुढचे कलम २४ अधिक बोलके आहे. मोबदला ठरवताना काय विचारात घेऊ नये, याची ती यादी. जमीन सोडण्याविषयीची मालकाची नाखुशी विचारात घेऊ नये, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. ज्या कारणासाठी जमीन घेतली, त्यामुळे तिचे मूल्य वाढणार असले तरी ती वाढ धरू नये, असेही सांगितले होते. म्हणजे धरणामुळे खालच्या शेताचा भाव चढेल. पण ज्याच्या शेतावर धरणाचे पाणी उभे राहिले त्याला त्या चढत्या भावात वाटा नाही. एकाचा लाभ आणि दुसऱ्याची नाखुशी यांचा सांधा कायद्याने मुद्दाम तोडला होता.

१८/
या नाखुशीला महाराष्ट्रात आवाज मिळाला होता तो १९२१ मध्ये. पुण्याजवळच्या मुळशी पेट्यात टाटांच्या वीजप्रकल्पासाठी धरण होणार होते आणि मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. मुंबईला वीज मिळणार, गिरण्या चालणार, हा लाभ मोठा होता आणि तो मोजता येत होता. मावळ्यांचे म्हणणे मात्र भाव कमी मिळतो एवढेच नव्हते. जमीन विकायचीच नाही, असे होते. ‘किती घेणार?’ या प्रश्नाला ‘काहीच नको’ हे उत्तर कोणत्याही रकान्यात बसत नाही. धरण झाले. प्रश्न पुढच्या प्रत्येक धरणापाशी पुन्हा उभा राहिला.

१९/
बुडणाऱ्या गावात सातबाऱ्यावर नसलेलेही बरेच काही असते. गुरे चरतात ते गायरान. पूर ओसरल्यावर नदीपात्रात उरलेली मळईची जमीन, जिच्यावर भूमिहीन माणूस टरबूज-काकडी लावतो. जळण, गवत, मासे. सुगीत हक्काने मिळणारे बलुते. अडीनडीला धान्य उसने देणारा शेजारी. हे सगळे उत्पन्नच. पण ते विकत घेतले जात नाही, म्हणून त्याची पावती नसते, आणि पावती नाही म्हणून मोबदल्याची नोटीस येत नाही. शेतमालकाला बाजारभाव तरी मिळे; त्याच्या शेतावर राबणाऱ्या मजुराला बहुधा नुसता निरोप मिळे.

२०/
जायकवाडीचे उद्घाटन झाले त्याच १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्यामागील कल्पना महत्त्वाची होती : लाभक्षेत्रात ज्यांची धारणा मोठी आहे, त्यांच्या जमिनीचा काही हिस्सा घेऊन तो विस्थापितांना द्यायचा. १८९४ च्या कायद्याने तोडलेला सांधा असा जोडायचा होता. पैशाऐवजी लाभात वाटा, हे तत्त्व कायद्यात आले. अंमलबजावणीची कहाणी वेगळी आणि पुष्कळदा कष्टाची आहे. राज्यभरच्या धरणग्रस्तांना त्यासाठी दशकानुदशके लढावे लागले. दिलासा रक्कम १९८४ च्या दुरुस्तीने ३० टक्के झाली आणि २०१३ च्या नव्या कायद्याने १०० टक्के. सक्तीची किंमत १५ वरून १०० वर यायला एकशे एकोणीस वर्षे लागली.

२१/
झाडांचा हिशेब आणखी वेगळा. जालना जिल्हा मोसंबीचा. मोसंबीची कलमे लावल्यावर काही वर्षे नुसती जपावी लागतात. मग बहर येऊ लागतो. संपादनात अशी बाग गेली तर तिचे मोल वार्षिक निव्वळ उत्पन्नाला एका गुणकाने गुणून काढतात. १९९५ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने फळझाडांसाठी आठच्या वर गुणक जाऊ नये, असे म्हटले. न्यायालयापुढे निदान गुणक तरी असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना-अंबड भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा त्या कोणी संपादित केल्या नव्हत्या. पाणी न मिळाल्याने गेलेल्या झाडासाठी भूसंपादन कायद्यात गुणक नाही.

२२/
त्या दुष्काळात जुना प्रश्न उघड झाला. गोदावरी तंटा लवादापुढे १९७५ मध्ये राज्याराज्यांत जे करार झाले, त्यांनुसार पैठणपर्यंतचे गोदावरीचे पाणी महाराष्ट्राला वापरता येते. म्हणजे वाद परराज्याशी उरला नव्हता. तो घरातलाच होता. वर नाशिक-नगरची धरणे भरलेली आणि खाली जायकवाडी रिकामी, अशी वर्षे येऊ लागली. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात मात्र एक तरतूद होती. कलम १२ (६) (ग) सांगते की खोऱ्यातील सर्व धरणांतील पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर शक्यतो सारखी राहील, अशा रीतीने टंचाई वाटून घ्यावी.

२३/
मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालाने या तत्त्वाला कोष्टकाचे रूप दिले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचे. प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्या धर्तीवर आदेश दिला. दोन्ही बाजू न्यायालयात गेल्या आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते : इथे कोणी पाण्याची किंमत ठरवली नाही, वाटा ठरवला. सरहद्दीवर थांबणारा हिशेब पहिल्यांदाच नदीच्या लांबीएवढा झाला.

२४/
वरच्या बाजूचे म्हणणेही खोटे नाही. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरच्या शेतकऱ्याने शंभर वर्षे त्या पाण्याच्या भरवशावर विहिरी खोदल्या, बागा लावल्या, कारखाने उभारले. गाडगीळांनी मोजला तो लाभ काल्पनिक नव्हता. आज पाणी खाली सोडले की त्यातलाच काही भाग कापला जातो, आणि नदीच्या कोरड्या पात्रातून जाताना सोडलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा जिरतो. खालच्या बाजूचे म्हणणे असे की तो लाभ मोजला गेला तेव्हा आमची तहान मोजलीच नव्हती. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. किंमत लावण्याच्या शास्त्राला हा पेच सोडवता येत नाही. तो फक्त स्पष्ट मांडता येतो.

२५/
आणखी एक हिशेब उरतो, तो घरातला. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत दिसले की बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात; असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७. पाणी भरणे हेही बिनपगारी कामच. नळ आटला, टँकरची वाट पाहिली, आडावरून हंडा आणला, तर गावात पाणी ‘पुरवले’ गेले अशी नोंद होते. त्यासाठी गेलेला वेळ राष्ट्रीय उत्पन्नात येत नाही, आणि पारंपरिक लाभ-खर्च गुणोत्तराने पिकाचे वाढीव मूल्य मोजले, डोक्यावरचा उतरलेला हंडा मोजला नाही. कालव्याच्या झिरप्याने गावची विहीर टिकली, तर वाचलेला तो तास कोणत्या रकान्यात लिहायचा?

२६/
गोदावरीच्या या दीडशे वर्षांतून एक गोष्ट निघते. बाजारात नसलेल्या गोष्टींना किंमत लावू नये, त्या अमूल्य आहेत, असे म्हणणे सोपे आहे. पण सरकारी हिशेबात अमूल्य वस्तूसमोर शून्यच पडते, हे मळईवरच्या भूमिहीनाने आणि हंडा वाहणाऱ्या बाईने अनुभवले. उलट, किंमत लावली की न्याय झाला, हेही खरे नाही. १५ टक्के ही किंमतच होती. टळलेला दुष्काळ मोजताना तिजोरी दिसली, कालवा मोजताना लाभक्षेत्र दिसले, धरण मोजताना बाजारभाव दिसला. प्रत्येक वेळी रकाना वाढला तो आपोआप नव्हे. ज्यांची नोंद नव्हती ती माणसे उठून उभी राहिली म्हणून.

२७/
दर वर्षी १५ ऑक्टोबरला नाथसागराची टक्केवारी पाहिली जाते. ६५ च्या वर की खाली, यावर नाशिकपासून परभणीपर्यंतच्या गावांचा रब्बी ठरतो. अंबड तालुक्यातही त्या आकड्याची वाट पाहिली जाते. तो आकडा म्हणजे पाण्याची किंमत नव्हे. एका नदीवरच्या माणसांनी, पुष्कळ भांडून, एकमेकांना एकाच वहीत धरायचे मान्य केले, त्याची ती खूण आहे. वही अजून अपुरी आहे. तिच्यात पुढचा रकाना कोणाचा असावा, हे ठरवण्याचे काम अर्थशास्त्रज्ञांइतकेच नदीकाठच्या ग्रामसभांचेही आहे.

(समाप्त)